डीएससी टोकनचा ड्रायव्हर सॉफ्टवेअरमध्ये नोंदवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा आला की फोर्ट, गिरगाव, दादरच्या सीए ऑफिसांतून सकाळी आठपासून माझा फोन वाजायला लागतो. ३० सप्टेंबर ही टॅक्स ऑडिट रिपोर्टची नेहमीची मुदत. डीएससी टोकन, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट ज्यात असतं ते यूएसबी उपकरण, लावलेलं असतं, त्याचा दिवा लुकलुकत असतो आणि सॉफ्टवेअर म्हणतं, सर्टिफिकेट सापडलं नाही. टेंडर भरणाऱ्या कंत्राटदारांची अडचणही हीच, फक्त त्यांची मुदत वर्षभर कधीही येते. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र उत्तरं दिली आहेत. आवृत्तीनुसार बटणांची नावं थोडी इकडेतिकडे होतील.

१. ताई, टोकनचा ड्रायव्हर इन्स्टॉल केला. आता परत "नोंदवा" म्हणता, ते काय?

ही दोन वेगळी कामं आहेत आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. इन्स्टॉल केल्यावर ड्रायव्हरच्या फाइली संगणकावर येतात आणि विंडोज टोकन ओळखू लागतं. पण फायरफॉक्स, पीडीएफ रीडर, जावात लिहिलेला एखादा प्रोग्राम यांपैकी प्रत्येक जण टोकनशी आपापल्या वाटेने बोलतो. त्यासाठी कोणती फाइल उघडायची, हे त्याला सांगावं लागतं. इमारतीत पाइप गॅस आला, मीटर बसलं, तरी ओट्यावरच्या शेगडीला नळी जोडल्याशिवाय ती पेटत नाही. घरात दोन शेगड्या असतील तर दोन नळ्या लागतात. सही करणारं प्रत्येक सॉफ्टवेअर ही अशी एक शेगडी समजा.

२. पीकेसीएस ११ म्हणजे काय? प्रत्येक मॅन्युअलमध्ये हेच नाव दिसतं.

टोकन बनवणाऱ्या कंपन्या अनेक आणि सही करणारी सॉफ्टवेअरंही अनेक. प्रत्येक सॉफ्टवेअरने प्रत्येक टोकनची भाषा वेगळी शिकायची म्हटलं असतं, तर काम कधी पुरं झालंच नसतं. म्हणून अमेरिकेतल्या आरएसए लॅबोरेटरीजने १९९५ मध्ये एक सामाईक बोली ठरवून दिली. तिचं नाव पीकेसीएस ११, आणि दुसरं नाव क्रिप्टोकी. आता हे मानक ओएसिस ही संस्था सांभाळते.

टोकनची कंपनी या बोलीत बोलणारी एक लायब्ररी देते. विंडोजवर ती डीएलएल फाइल असते, लिनक्सवर एसओ आणि मॅकवर डायलिब. सॉफ्टवेअर ती उघडतं आणि पहिलाच प्रश्न विचारतं : तुला काय काय करता येतं, त्याची यादी दे. यादी मिळाली की लायब्ररी सुरू होते आणि स्लॉट मोजले जातात. स्लॉट म्हणजे टोकन बसायची जागा. ज्या स्लॉटमध्ये टोकन आहे तिथे सेशन उघडतं, पिन घेऊन लॉगिन होतं आणि मग सहीची विनंती जाते.

यातली मोलाची गोष्ट ही की खासगी किल्ली, म्हणजे जिने सही होते तो गुप्त आकडा, टोकनच्या बाहेर येतच नाही. कागदपत्राचा हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा गणिती ठसा, आत जातो. सही आतच होते आणि तयार झालेली सही तेवढी बाहेर येते. म्हणून टोकनची नक्कल काढता येत नाही. म्हणूनच ते हरवलं किंवा पुसलं गेलं तर परत मिळवायला मागचं दार नसतं. प्रश्न १० वाचताना हे ध्यानात ठेवा.

३. क्रोममध्ये सर्टिफिकेट दिसतं, फायरफॉक्समध्ये दिसत नाही. टोकन बिघडलंय का?

टोकन ठीक आहे. विंडोजवर क्रोम आणि एज हे विंडोजच्याच सर्टिफिकेट भांडारातून वाचतात. ड्रायव्हर इन्स्टॉल होताना त्या भांडाराची वाट मोकळी करतो, म्हणून तिथे काही न करता सर्टिफिकेट दिसतं. फायरफॉक्सची सुरक्षेची यंत्रणा स्वतःची आहे, तिचं नाव एनएसएस. तिचं भांडारही वेगळं आणि मॉड्यूलची, म्हणजे तिला जोडलेल्या लायब्ररींची, यादीही वेगळी. त्या यादीत तुमच्या टोकनची लायब्ररी नसेल तर फायरफॉक्सच्या लेखी टोकन नाहीच.

२०२१ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ९० पासून विंडोज आणि मॅकच्या भांडारातली सर्टिफिकेटं लॉगिनसाठी आपोआप वापरता येतात. त्यामुळे नव्या संगणकावर काहींना नोंद न करताही सर्टिफिकेट दिसतं. तसं दिसत असेल आणि काम होत असेल तर वर आणखी मॉड्यूल जोडू नका. एकच सर्टिफिकेट दोनदा दिसायला लागतं आणि कोणतं निवडायचं म्हणून सीएच्या हाताखाली शिकणारी आर्टिकल मुलं गोंधळतात.

४. फायरफॉक्समध्ये नेमकं कुठे जायचं?

आधी टोकन लावा आणि त्याच्या स्वतःच्या टूलमध्ये, म्हणजे ड्रायव्हरसोबत येणाऱ्या प्रोग्राममध्ये, सर्टिफिकेट दिसतंय का, ते बघा. तिथेच दिसत नसेल तर फायरफॉक्समध्ये शोधण्यात वेळ घालवू नका.

दिसत असेल तर फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी हा भाग उघडा. तळाशी सर्टिफिकेट्स असा गट आहे, त्यात सिक्युरिटी डिव्हाइसेस हे बटण. उघडणाऱ्या खिडकीत डावीकडे आधीपासूनची मॉड्यूलं दिसतील, त्यांत दोन महत्त्वाची. एक एनएसएसचं स्वतःचं आणि दुसरं बिल्टइन रूट्सचं. या दोघांना हात लावायचा नाही. रूट्सच्या मॉड्यूलमध्ये फायरफॉक्सने विश्वासार्ह मानलेली मूळ सर्टिफिकेटं असतात. उजवीकडे लोड दाबा, मॉड्यूलला नाव द्या, ब्राउझ करून लायब्ररीची फाइल निवडा आणि ओके करा. डावीकडे तुमच्या नावाचं मॉड्यूल आणि त्याखाली टोकनचं लेबल दिसलं की नोंद झाली. मग शेजारच्याच व्ह्यू सर्टिफिकेट्समध्ये जा. पिन विचारला जाईल आणि युवर सर्टिफिकेट्सखाली तुमचं नाव दिसेल.

ही नोंद फायरफॉक्सच्या प्रोफाइलमध्ये, पीकेसीएस११ नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिली जाते. एकाच संगणकावर तुमचं आणि सहकाऱ्याचं विंडोज लॉगिन वेगळं असेल, तर प्रोफाइलही वेगळं. म्हणजे नोंद दोनदा करायची.

५. मॉड्यूलला नाव कोणतं द्यायचं?

कोणतंही चालतं. पण फायरफॉक्स सुचवतो ते न्यू पीकेसीएस ११ मॉड्यूल हे नाव तसंच ठेवू नका. टोकनच्या मॉडेलचं नाव द्या. सहा महिन्यांनी तीन मॉड्यूलं झाली की कोणतं काढायचं हे त्यावरूनच कळतं.

६. फोल्डरमध्ये चार-पाच डीएलएल आहेत. त्यातली कोणती निवडायची?

ज्या फाइलच्या नावात पी११ किंवा पीकेसीएस११ आहे, ती आधी बघा. सीएसपी असं लिहिलेली फाइल बहुधा विंडोजच्या भांडारासाठी असते आणि ती फायरफॉक्सच्या कामाची नाही. पण काही कंपन्या एकाच नावात सीएसपी आणि ११ दोन्ही घालतात, म्हणून मॅन्युअलमधलं नाव जुळवून बघा. मॅन्युअल नसेल तर चुकीची फाइल देऊन बघण्यात धोका नाही, नोंद नाकारली जाईल एवढंच. मात्र फाइल तुमच्या टोकनच्या ड्रायव्हरनेच आणलेली असली पाहिजे. का, ते प्रश्न ७ मध्ये आहे.

विंडोजवर या फाइली सहसा सिस्टम३२ मध्ये किंवा प्रोग्राम फाइल्समधल्या कंपनीच्या फोल्डरमध्ये असतात.

७. एकाने व्हॉट्सॲपवर डीएलएल पाठवली, ती जोडली तर चालेल?

नाही. इथे मी ठाम आहे. मॉड्यूल म्हणून जोडलेली लायब्ररी सॉफ्टवेअर स्वतःच्या आत उघडतं आणि तुम्ही टाइप केलेला पिन तिच्या हातून जातो. कुणी बदललेली फाइल असेल तर ती पिन टिपून ठेवू शकते आणि टोकन लावलेलं असेपर्यंत तुमच्या नावाने सह्याही करून घेऊ शकते. ड्रायव्हर टोकन बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा सर्टिफिकेट देणाऱ्या परवानाधारक संस्थेच्या संकेतस्थळावरूनच घ्या. लॅमिंग्टन रोडवरून टोकन घेतलं असेल, तरी दुकानदाराच्या पेन ड्राइव्हमधला ड्रायव्हर टाळा. तो जुना असतो आणि कुठून आला ते त्यालाही ठाऊक नसतं.

८. "मॉड्यूल जोडता येत नाही" एवढंच म्हणतो. कारण सांगतच नाही. काय करू?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. मी ज्या क्रमाने तपासते, तो क्रम सांगते.

पहिलं कारण ३२ आणि ६४ बिटांचं. ६४ बिट फायरफॉक्सला ६४ बिटचीच लायब्ररी उघडता येते आणि ३२ बिटला ३२ ची. मिसळ चालत नाही. फायरफॉक्स कितीचा आहे ते अबाउटच्या खिडकीत लिहिलेलं असतं. इथे विंडोज एक चकवा देतं. सिस्टम३२ या फोल्डरच्या नावात ३२ असलं तरी ६४ बिट विंडोजवर त्यात ६४ बिटच्या फाइली असतात, आणि सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरमध्ये ३२ बिटच्या. नावं उलटी वाटतात, पण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून ती तशीच राहिली. त्यात आणखी एक पेच आहे. ३२ बिटचा प्रोग्राम सिस्टम३२ उघडायला गेला की विंडोज त्याला न सांगता सिसवॉव६४ मध्ये नेऊन सोडतं. म्हणून एकाच पत्त्यावरची एकच फाइल एका सॉफ्टवेअरला सापडते आणि दुसऱ्याला सापडत नाही.

दुसरं कारण, लायब्ररीला स्वतःला लागणारी दुसरी फाइल जागेवर नसणं. कुणीतरी फक्त एक डीएलएल कॉपी करून आणलेली असते आणि तिच्या सोबतिणी मागे राहिलेल्या असतात. यावर उपाय एकच : इन्स्टॉलर पुन्हा पूर्ण चालवा. लिनक्सवर एलडीडी ही आज्ञा लायब्ररीवर चालवली की कोणती फाइल सापडत नाही ते लगेच दिसतं.

तिसरं, त्याच नावाचं मॉड्यूल आधीच यादीत असणं. जुनं निवडून अनलोड करा, फायरफॉक्स पूर्ण बंद करून उघडा आणि परत जोडा.

चौथं, अँटिव्हायरसने फाइल अलग ठेवलेली असणं. त्याच्या नोंदवहीत बघा. फाइल कंपनीच्या संकेतस्थळावरून आलेली असेल तरच परत आणा.

या चारांत बहुतेक प्रकरणं सुटतात. लिनक्सवर असाल तर प्रश्न १५, मॅकवर असाल तर प्रश्न १६ आधी वाचा.

९. मॉड्यूल जोडलं, पण टोकन "हजर नाही" दाखवतो. आणि पिन कोणता मागतोय तेही कळत नाही.

हजर नाही म्हणजे लायब्ररी बरोबर आहे, स्लॉटही आहे, फक्त त्यात टोकन नाही. म्हणजे अडचण नोंदणीत नसून तारेत किंवा सेवेत आहे. यूएसबी हबमधून काढून थेट संगणकाला लावा. विंडोजच्या सेवांमध्ये स्मार्ट कार्ड नावाची सेवा सुरू आहे का ते बघा. लिनक्सवर पीसीएससीडी ही सेवा चालू हवी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर दमट हवेने टोकनच्या धातूवर मळकट थर चढतो. कोरड्या मऊ कापडाने पुसून बघा. टोकन रोज बॅगेत घालून लोकलने आणणाऱ्यांनी झाकण लावून डबीत ठेवावं.

पिनबद्दल सांगायचं तर गोंधळ तिघांत होतो. पहिला टोकनचा युजर पिन, रोजच्या सहीसाठी लागतो तो. दुसरा टोकनचा ॲडमिन पिन, लॉक उघडण्यासाठी, आणि तो कधीकधी फक्त पुरवठादाराकडे असतो. तिसरा फायरफॉक्सचा प्रायमरी पासवर्ड, ज्याचा टोकनशी काही संबंध नाही. पासवर्ड मागणाऱ्या चौकटीत टोकनचं लेबल लिहिलेलं असेल तर तिथे युजर पिन द्यायचा. चौकट न वाचता पिन टाकू नका, कारण प्रत्येक चुकीचा पिन टोकनच्या आत मोजला जातो.

१०. पिन चुकून टोकन लॉक झालं. नेटवर सांगतात इनिशियलाइज करा. करू का?

करू नका. कृपा करून आधी हे उत्तर वाचा.

इनिशियलाइज किंवा फॉरमॅट म्हणजे टोकनमधल्या किल्ल्या आणि सर्टिफिकेट पुसून ते कोरं करणं. प्रश्न २ मध्ये सांगितलं तसं, किल्ली बाहेर कुठेही नसते. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेकडेही सहीच्या खासगी किल्लीची प्रत नसते. पुसली की गेली.

दोन वर्षांपूर्वी परळच्या एका छोट्या कंपनीत हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मुदतीचा आदला दिवस, फायरफॉक्स मॉड्यूल घेत नव्हता. ऑफिसमधल्या मुलाने घाबरून संचालकांचं टोकन कोरं केलं. मी पोहोचले तेव्हा टोकनच्या टूलमध्ये रिकामी यादी होती. मूळ अडचण फक्त ३२ बिट लायब्ररीची होती, पाच मिनिटांचं काम. नवं सर्टिफिकेट, नवी व्हिडिओ पडताळणी, पोर्टलवर पुन्हा नोंदणी, हे सगळं करताना मुदत हुकली. त्या मुलाचा पडलेला चेहरा अजून आठवतो. त्याची चूक नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

लॉक झालेलं टोकन ॲडमिन पिनने उघडता येतं आणि त्यात किल्ली शाबूत राहते. म्हणून आधी पुरवठादाराला फोन करा. किती चुकीच्या पिननंतर लॉक होतं ते टोकनप्रमाणे बदलतं, तेव्हा एकदा-दोनदा चुकला की थांबा. ॲडमिन पिन खरंच कुणाकडेच नसेल, तरच नवं सर्टिफिकेट घ्यायचं ठरवून मग टोकन कोरं करा.

११. ॲडोबी रीडरमध्ये सही करायची आहे. तिथेही नोंद लागते?

विंडोजवर रीडर विंडोजचं भांडार वाचतो, त्यामुळे सहसा नाही. सर्टिफिकेट दिसत नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये सिग्नेचर्स, त्यात आयडेंटिटीज अँड ट्रस्टेड सर्टिफिकेट्ससमोरचं मोअर, मग डावीकडे डिजिटल आयडीजखाली पीकेसीएस ११ मॉड्यूल्स अँड टोकन्स. तिथे अटॅच मॉड्यूल दाबून तीच लायब्ररी द्या. बिटांचा नियम इथेही लागू, पाहा प्रश्न ८.

१२. सही झाली, पण वर पिवळं प्रश्नचिन्ह येतं. ड्रायव्हर चुकला?

नाही. ड्रायव्हर चुकला असता तर सहीच झाली नसती. रीडरला सही गणिताने बरोबर दिसते, पण सर्टिफिकेट कुणी दिलं त्याच्यावर विश्वास ठेवायचा का, हे त्याला माहीत नाही. भारतातल्या साखळीच्या टोकाला सीसीए, म्हणजे प्रमाणन प्राधिकाऱ्यांचे नियंत्रक, यांचं मूळ सर्टिफिकेट असतं. ते रीडरच्या विश्वासू यादीत घातलं की हिरवी खूण येते. ज्याला पीडीएफ पाठवाल त्याच्या संगणकावरही हे करावं लागतं, कारण विश्वास हा वाचणाऱ्याच्या बाजूने ठरतो.

१३. फायरफॉक्समध्ये सगळं नीट आहे, तरी जीएसटी पोर्टलवर सही होत नाही.

कारण पोर्टल सहीसाठी फायरफॉक्सची यादी वापरतच नाही. पूर्वी पानातच जावाचं ॲप्लेट चालायचं आणि ते टोकनशी बोलायचं. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने आणि मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सने त्या जुन्या प्लगइनची वाट बंद केली. तेव्हापासून पोर्टलं तुमच्या संगणकावर एक छोटा सही करणारा प्रोग्राम बसवायला सांगतात. जीएसटीसाठी तो एमसाइनर. पान त्याच्याशी संगणकाच्या आतल्या आत, लोकलहोस्टच्या १५८५ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतं.

त्यामुळे तपासणी वेगळी. तो प्रोग्राम चालू आहे का, घड्याळाशेजारच्या चिन्हांत बघा. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा तो पत्ता उघडा. असुरक्षित म्हणून इशारा आला तर पत्त्यातला आकडा तपासून फक्त त्या पत्त्यासाठी अपवाद मान्य करा. फायरफॉक्समध्ये हा अपवाद वेगळा द्यावा लागतो, क्रोममध्ये दिलेला इथे चालत नाही. ऑफिसचं फायरवॉल किंवा दुसरा प्रोग्राम ते पोर्ट अडवत असेल तर आयटीवाल्यांना आकडा सांगा.

१४. आमच्या ऑफिसचं जावा सॉफ्टवेअर एकगठ्ठा इन्व्हॉइसवर सह्या करतं. त्यात टोकन कसं जोडायचं?

जावात यासाठी सन-पीकेसीएस११ नावाचा प्रोव्हायडर आधीपासून आहे. त्याला एक लहानशी टेक्स्ट फाइल द्यायची. तिच्यात नेम म्हणजे तुम्ही दिलेलं नाव आणि लायब्ररी म्हणजे डीएलएलचा पूर्ण पत्ता, एवढ्या दोन ओळी पुरतात. एकापेक्षा जास्त स्लॉट असतील तर तिसरी ओळ, स्लॉट किंवा स्लॉट-लिस्ट-इंडेक्स. यातला दुसरा शून्यापासून मोजतो. मग कीस्टोअरचा प्रकार पीकेसीएस११ घ्यायचा, फाइलच्या जागी काहीच द्यायचं नाही आणि पासवर्ड म्हणून टोकनचा पिन.

दोन ठिकाणी लोक अडकतात. जावा ८ पर्यंत कन्फिगरेशन फाइल थेट प्रोव्हायडरच्या कन्स्ट्रक्टरला द्यायचे. जावा ९ पासून आधी प्रोव्हायडर मागून घ्यायचा आणि मग त्याची कॉन्फिगर ही पद्धत वापरायची. जुना कोड नव्या जावावर म्हणूनच मोडतो. दुसरं, ६४ बिट विंडोजवर हा प्रोव्हायडर जावा ८ पासूनच मिळतो. कुठे जावा ७ चालू असेल तर आधी ते बदला.

पिन कोडमध्ये किंवा त्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवू नका. प्रोग्राम सुरू होताना विचारू द्या.

१५. उबंटूवर फायरफॉक्स लायब्ररी घेतच नाही. फाइल तर समोर आहे.

उबंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो, म्हणजे तो कुंपणाच्या आत चालतो. कुंपणाबाहेरची लायब्ररी आणि पीसीएससीडी सेवा त्याला सहज दिसत नाही. ज्या ऑफिसमध्ये टोकनचं रोजचं काम आहे तिथे मी मोझिलाच्या स्वतःच्या भांडारातला डेब पॅकेजचा फायरफॉक्स बसवते. स्नॅपशी झगडण्यापेक्षा ते लवकर होतं. फ्लॅटपॅकची अडचणही याच जातीची.

लिनक्सवरचं लिबरऑफिस सहीसाठी फायरफॉक्सचंच प्रोफाइल वापरू शकतं. टूल्स, ऑप्शन्स, सिक्युरिटीमध्ये सर्टिफिकेट पाथ निवडला की एकदा केलेली नोंद दोघांना पुरते. थंडरबर्डचं प्रोफाइल स्वतंत्र, तिथे पुन्हा जोडा.

१६. नव्या मॅकवर जुना ड्रायव्हर चालत नाही.

एम१ आणि पुढच्या चिपवर फायरफॉक्स त्या चिपच्या भाषेत चालतो. इंटेलसाठी बनवलेली लायब्ररी त्याला उघडता येत नाही. कंपनीकडे नवी लायब्ररी आहे का ते विचारा. तोवर फायरफॉक्सच्या गेट इन्फोमध्ये ओपन यूझिंग रोझेटावर खूण करून तो इंटेलच्या रूपात चालवता येतो. त्या रूपात जुनी लायब्ररी बहुधा जुळते.

१७. ऑफिसात वीस संगणक आहेत. प्रत्येकावर जाऊन नोंदवायचं का?

गरज नाही. फायरफॉक्सच्या पॉलिसीमध्ये सिक्युरिटी डिव्हाइसेस हा नियम आहे. त्यात मॉड्यूलचं नाव आणि लायब्ररीचा पत्ता एकदा लिहिला की ग्रुप पॉलिसीने किंवा पॉलिसीजच्या जेसन फाइलने तो सगळीकडे जातो. दोन गोष्टी पाळा : ड्रायव्हर सर्वत्र एकाच फोल्डरमध्ये बसवा आणि फायरफॉक्स सर्वत्र एकाच बिटचा ठेवा. एखाद्या जुन्या संगणकावर ३२ बिट राहिला की तो एकटाच मागे पडतो.

१८. दोन वेगळ्या कंपन्यांची टोकनं एकाच संगणकावर चालतील?

चालतात. दोन मॉड्यूलं जोडा, प्रत्येकाचे स्लॉट वेगळे असतात. एकाच कंपनीची दोन टोकनं असतील तर मॉड्यूल एकच पुरतं. फायरफॉक्स उघडायला अचानक वेळ लागू लागला तर एकेक मॉड्यूल अनलोड करून बघा, एखादी लायब्ररी न लागलेल्या टोकनची वाट बघत बसते. सही करताना मात्र ज्याची सही हवी त्याचंच टोकन लावा. दोन संचालकांची टोकनं एकत्र लावून चुकीची सही गेलेली मी पाहिली आहे.

१९. डोंबिवलीहून घरून रिमोट डेस्कटॉपने काम करते. ऑफिसच्या संगणकाला टोकन लावलेलं आहे, तरी दिसत नाही.

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा हा ठरलेला स्वभाव आहे. त्या सेशनमध्ये स्मार्ट कार्ड तुमच्या समोरच्या लॅपटॉपवरचं शोधलं जातं, ऑफिसच्या संगणकावरचं नाही. टोकन घरच्या लॅपटॉपला लावा, जोडणी करण्यापूर्वी लोकल रिसोर्सेसमध्ये स्मार्ट कार्ड्सवर खूण करा. ड्रायव्हर दोन्हीकडे हवा. मॉड्यूलची नोंद मात्र ऑफिसच्या संगणकावर, कारण फायरफॉक्स तिथे चालतोय.

२०. सर्टिफिकेट नवं घेतलं. मॉड्यूल परत नोंदवायचं का? जुनंच दिसतंय.

टोकन तेच असेल तर नोंद तीच चालते. मॉड्यूलला टोकनच्या प्रकाराशी देणंघेणं असतं, आतलं सर्टिफिकेट कोणतं याच्याशी नाही. टोकनचं मॉडेल बदललं तर नवा ड्रायव्हर आणि नवी नोंद.

जुनं दिसण्याचं कारण विंडोजचं भांडार. टोकन लावलं की विंडोज त्यातलं सर्टिफिकेट भांडारात उतरवून घेतं, आणि मुदत संपलेलं तिथे तसंच राहू शकतं. सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये पर्सनलखाली तारीख बघून मुदत संपलेली नोंद काढा. टोकनच्या आतली जुनी किल्ली मात्र घाईने पुसू नका. टेंडरसाठी सही आणि एनक्रिप्शन अशी दोन सर्टिफिकेटं घेतली असतील, तर जुन्या एनक्रिप्शन किल्लीने कुलूपबंद केलेलं काही अजून उघडायचं असू शकतं.

ताजा कलम : १ जानेवारी २०२१ पासून क्लास २ दर्जाचं सर्टिफिकेट देणं बंद झालं आहे. आता नवं मिळतं ते क्लास ३.

२१. टोकन आणि पिन सीएकडे ठेवलेला बरा ना? दर वेळी कोण नेणार?

सवय सगळीकडे आहे, तरी मी नको म्हणते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४२ सांगतं की खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी सर्टिफिकेटधारकाने घ्यायची, आणि ताबा सुटला तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं. सही तुमची, जबाबदारीही तुमची. टोकन ऑफिसात ठेवावंच लागलं तर पिन स्वतःकडे ठेवा आणि सहीच्या वेळी येऊन स्वतः टाका. टोकन स्वतःकडे ठेवून प्रश्न १९ ची पद्धत जमली तर येण्याचीही गरज पडत नाही.

२२. फायरफॉक्स "रिफ्रेश" केला आणि टोकन गायब. आता?

रिफ्रेशमध्ये बुकमार्क आणि पासवर्ड टिकतात, पण सर्टिफिकेट आणि सिक्युरिटी डिव्हाइसच्या नोंदी जातात. प्रश्न ४ प्रमाणे पुन्हा लोड करा, दोन मिनिटांचं काम आहे. टोकनच्या आत काहीही बदललेलं नसतं.

याच्या उलट, ड्रायव्हर काढून नवा बसवणार असाल तर आधी फायरफॉक्समधलं मॉड्यूल अनलोड करा, फायरफॉक्स बंद करा आणि मग ड्रायव्हर काढा. फाइल वापरात असताना काढली की अर्धा जुना, अर्धा नवा ड्रायव्हर शिल्लक राहतो आणि प्रश्न ८ मधलं दुसरं कारण समोर उभं राहतं. ऑडिटच्या आठवड्यात मात्र चालू ड्रायव्हर बदलू नका. नवी आवृत्ती नोव्हेंबरात बसवली तरी चालते.